कर्कवृत्तावरची दुपार

इंदूरहून सुटलेल्या बसमध्ये माझ्या शेजारी नाशिकच्या एक मावशी बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत मसुराची डाळ, लाल वस्त्र आणि मुलाची पत्रिका. मुलाला मंगळ आहे. स्थळं येतात, पत्रिका बघतात आणि मागे फिरतात. म्हणून त्या उज्जैनच्या मंगळनाथाला भातपूजा करायला निघाल्या होत्या. सांवेर मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही एकट्याच? महाकालाला का?"

"महाकालालाही जाईन. पण आले आहे ती सूर्य डोक्यावर येतो ते बघायला."

"सूर्य काय, रोजच येतो की डोक्यावर."

रोज येत नाही. आपण 'भर दुपारी सूर्य डोक्यावर' म्हणतो, पण महाराष्ट्रात तो अगदी डोक्यावर, म्हणजे काठीची सावली काठीच्या बुडाशी जिरेल असा, वर्षातून दोनदाच येतो. एकदा मे महिन्यात उत्तरेकडे जाताना, दुसऱ्यांदा जुलै-ऑगस्टच्या सुमाराला परतताना. बाकीच्या दिवशी तो थोडा दक्षिणेला नाहीतर थोडा उत्तरेला असतो. जसजसं उत्तरेला जावं तसतसे हे दोन दिवस एकमेकांजवळ येतात आणि कर्कवृत्तावर, २१ जूनला, त्यांचा एकच दिवस होतो. त्याच्या पलीकडे, दिल्लीत किंवा हरिद्वारला, सूर्य डोक्यावर कधीच येत नाही. मी मावशींना हे माझ्या पाण्याच्या बाटलीवर बोट ठेवून सांगत होते आणि त्या मन लावून ऐकत होत्या. उतरताना म्हणाल्या, "मंगळनाथालाही या. तिथेपण तुमचं ते कर्कवृत्त जातं म्हणतात."

तसं म्हणतात खरं. उज्जैनमध्ये कर्कवृत्त जातं असं मंगळनाथाच्या आवारात सांगतात, शिप्रेकाठच्या कर्कराज मंदिरात सांगतात, महाकालाच्या गाभाऱ्यावरूनही ते जातं असं सांगणारे भेटतात. एकाच गावात तीन ठिकाणी एक रेषा ओढली जाते, याचा अर्थ या गावाला ती रेषा फार जवळची आहे. आकाशाशी एवढं आपलेपण असलेलं दुसरं गाव मी पाहिलेलं नाही.

त्याला कारणही तसंच आहे. आज आपण रेखांश ग्रिनिचपासून मोजतो. आपले सिद्धांतग्रंथ ते उज्जैनपासून मोजत. लंकेपासून निघून अवंतीवरून (म्हणजे उज्जैनवरून), रोहीतक आणि कुरुक्षेत्रावरून मेरूकडे जाणारी मध्यरेषा सूर्यसिद्धांतात दिली आहे. ही लंका आजची श्रीलंका नव्हे. मध्यरेषा जिथे विषुववृत्ताला छेदते त्या बिंदूला ज्योतिषी लंका म्हणत. इ.स. ४९९च्या आसपासचा आर्यभट सांगतो की उज्जैन लंकेच्या उत्तरेला पृथ्वीच्या परिघाच्या सोळाव्या भागाइतकं दूर आहे. म्हणजे साडेबावीस अंश. आजचं मोजमाप २३ अंश ११ कला (साठ कलांचा एक अंश) आहे. दीड हजार वर्षांपूर्वी शंकूच्या, म्हणजे उभ्या दांडीच्या, सावलीवरून काढलेलं उत्तर एका अंशाच्याही आत बरोबर यावं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. पुढे अरब ज्योतिष्यांनी हेच उज्जैन आपल्या ग्रंथांत पृथ्वीच्या मध्यावरचं ठिकाण म्हणून घेतलं आणि त्यांच्याकडून ते मध्ययुगीन युरोपच्या पुस्तकांत गेलं. तिथल्या वाचकांनी शिप्रा पाहिली नव्हती, पण त्यांच्या नकाशाचा मधला खिळा इथे ठोकलेला होता.

महाकालाचं दर्शन मी पहाटे घेतलं. कोट्यवधी लोकांनी जिथे डोकं टेकलं त्या जागेबद्दल मी नवं काय लिहिणार? एवढंच नोंदवते, की आजचं मंदिर अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी उभं केलं. ज्या गावातून काळ मोजला गेला त्या गावाचं दैवत काळाचा स्वामी असावं, हे गाभाऱ्यात उभं राहिल्यावर पटतं. बाहेर येऊन पोहे-जिलबी खाल्ली आणि रिक्षा करून वेधशाळेत गेले.

सवाई जयसिंग माळव्याचा सुभेदार असताना त्याने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ही वेधशाळा बांधली. दिल्ली, जयपूर, मथुरा आणि काशी या तिच्या बहिणी. मथुरेची आता उरलेली नाही. जयपूरच्या यंत्रांपुढे उज्जैनची यंत्रं लहान आहेत. तिथे पर्यटकांची झुंबड असते, इथे चिंचा-निंबांच्या सावलीत शाळेची एखादी सहल आणि दोन-चार माणसं. पण उज्जैनच्या वेधशाळेचं मोठेपण वेगळ्या गोष्टीत आहे. इथलं काम आजही चालू आहे. मधल्या काळात ती पडीक झाली होती. १९२३मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला, आणि तिचे पहिले अधीक्षक झाले गोविंद सदाशिव आपटे. या मराठी गणितज्ञाने संस्कृतात 'सर्वानंदकरण' हा ग्रहगणिताचा ग्रंथ लिहिला. यंत्रं दुरुस्त करून, त्यांवरून पुन्हा वेध घेऊन, दगडाच्या बांधकामाला त्यांनी परत कामाला लावलं. आजही इथून दरवर्षी ग्रहस्थितीचं पंचांग निघतं. आपल्याकडे आपट्यांचं नाव किती जणांना ठाऊक असेल, असं त्या आवारात फिरताना राहून राहून मनात येत होतं.

सम्राट यंत्र म्हणजे चुन्या-विटांचा एक जिना. त्याची तिरकी कड जमिनीशी २३ अंश १० कलांचा कोन करून थेट ध्रुवाकडे रोखलेली आहे. रात्री त्या कडेला डोळा लावून वर पाहिलं की टोकाशी ध्रुवतारा सापडतो. जिन्याच्या दोन्ही अंगांना वर्तुळाचे चौथे भाग आहेत, त्यांवर तास-मिनिटांच्या खुणा कोरलेल्या. सकाळी पश्चिमेच्या पंखावर सावली असते, दुपारनंतर पूर्वेच्या. मी सकाळी साडेदहाच्या सुमाराला त्या खुणांवर वाकून बसले. सावलीची कड लांबून धारदार वाटते, जवळून पाहिली तर ती धार नसतेच. गडद, मग करडा, मग फिका असा बोटभर पट्टा असतो, कारण सूर्य हा बिंदू नाही, थाळी आहे, आणि थाळीचा एक काठ मावळला तरी दुसरा दिसत असतो. त्या करड्या पट्ट्याचा मध्य नेमका कुठला? तिथल्या कर्मचाऱ्याने खिशातला कंगवा काढून खुणांच्या जरा वर धरला. कंगव्याच्या दातांच्या बारीक सावल्या उमटल्या आणि जिन्याच्या सावलीच्या पोटात एकेक करून विझत गेल्या. शेवटचा दात जिथे विझला तिथे त्याने बोट ठेवलं. "यहाँ पढ़िए." मग भिंतीवरच्या तक्त्यात पाहून त्या दिवसाची मिनिटं त्यात मिळवली, आणि माझ्या घड्याळातली वेळ तंतोतंत आली. थांबून पाहिलं तर ती सावली सरकताना डोळ्यांना दिसते. पृथ्वी फिरते हे शाळेत शिकले होते. फिरताना ती मी इथे पाहिली.

तक्त्यातली ती मिनिटं का मिळवायची? आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची आहे आणि उज्जैन पावणेशहात्तरच्या जवळ. त्यामुळे सूर्याचे बारा वाजतात तेव्हा आपल्या मनगटावर साडेबाराला दोन-एक मिनिटं कमी असतात. त्या दिवसांतली खरी मध्यान्ह १२ वाजून २८ मिनिटांची. बारा कधी वाजले हे आपण सूर्याला विचारणं सोडून दिलं, त्याला शंभर-सव्वाशे वर्षंच झाली. रेल्वे आणि तारायंत्राबरोबर एक वेळ सगळ्या देशाला लागली. ती लागणं गरजेचंच होतं. पण प्रत्येक गावाची स्वतःची मध्यान्ह असते हेही विसरलं गेलं. आवारातल्या मनोऱ्यावर २०२४मध्ये 'वैदिक घड्याळ' बसवलं आहे. सूर्योदय ते सूर्योदय असे तीस मुहूर्त ते दाखवतं. लोक त्याच्यापुढे फोटो काढत होते. मला मात्र घड्याळापेक्षा पलीकडचा साधा शंकू अधिक बोलका वाटला. गोल ओट्याच्या मधोमध उभी दांडी आणि ओट्यावर सात रेषा. २२ डिसेंबरला सावलीचं टोक सगळ्यात लांबच्या वक्ररेषेवरून चालतं, २१ मार्च आणि २३ सप्टेंबरला अगदी सरळ रेषेवरून, आणि जूनच्या या दिवसांत मध्यान्हीला सावली दांडीच्या बुडाशी येऊन नाहीशी होते.

मी तिथे २० जूनच्या दुपारी उभी होते. अयनाच्या आगेमागे सूर्य दोन-तीन दिवस उत्तरेला जवळजवळ थबकलेला असतो, त्यामुळे २० काय आणि २१ काय, फरक डोळ्यांना कळणारा नसतो. बारा वाजून गेले तशी ढगांची एक फळी आली आणि सरकून गेली. सव्वाबाराला दांडीची सावली बोटाएवढी उरली होती. बारा अठ्ठावीसला ती उरली नाही. ओट्यावर फक्त दांडीभोवती एक पुसट कडं राहिलं.

आता इथे नेमकेपणाने बोलायला हवं. उज्जैन कर्कवृत्तावर नाही. कर्कवृत्त आज २३ अंश २६ कलांवर आहे, म्हणजे गावाच्या उत्तरेला अठ्ठावीस-तीस किलोमीटरवर. त्या दुपारी सूर्याचा मध्य माझ्या ऐन डोक्यावरच्या बिंदूपासून सोळा कला उत्तरेला होता. पण सूर्याची थाळीच बत्तीस कला रुंद! म्हणजे थाळीचा दक्षिण काठ नेमका त्या बिंदूला टेकलेला. मीटरभर उंचीच्या दांडीची सावली अशा वेळी चार-साडेचार मिलिमीटर पडते, आणि सावलीच्या कडेचा करडा पट्टाच त्याहून रुंद असतो. नुसत्या डोळ्यांना ती सावली दिसणं शक्य नाही. तेव्हा ज्यांनी शंकू रोवून उज्जैनला कर्कवृत्तावरचं गाव म्हटलं त्यांनी काही मनची कथा रचली नव्हती. त्यांनी जे पाहिलं ते सांगितलं, आणि मीही त्या दुपारी तेच पाहिलं.

याच अवंतीचा वराहमिहिर सहाव्या शतकातला. त्याने एक गोष्ट लिहून ठेवली आहे जी माझ्या मते आपल्या सबंध ज्योतिषपरंपरेतली सगळ्यात धीट गोष्ट आहे. बृहत्संहितेत सूर्याच्या गतीचं प्रकरण काढताना तो म्हणतो, की जुन्या शास्त्रांप्रमाणे दक्षिणायन आश्लेषेच्या मध्यापासून आणि उत्तरायण धनिष्ठेच्या आरंभापासून होत असे. आज ती कर्क आणि मकर यांच्या आरंभापासून होतात. जुनं सांगितलेलं आज जुळत नसेल तर ते प्रत्यक्ष पाहून ठरवावं. आणि लगेच पाहायचं कसं तेही सांगतो: क्षितिजावरच्या दूरच्या खुणेवरून सूर्याची उगवती-मावळती बघा, नाहीतर मोठं वर्तुळ आखून त्यात शंकूची सावली कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते त्या खुणा करा. शुभाशुभ सांगणारा, शकुन-अपशकुन मानणारा हा माणूस. त्याची श्रद्धा कच्ची होती असं कोण म्हणेल? पण जुनी पोथी आणि आजची सावली यांत निवड करायची वेळ आली तेव्हा त्याने सावली निवडली, आणि पोथीचा अनादर झाला असं त्याला वाटलं नाही. आकाशाला देव मानायचं तर देव आज कुठे उभा आहे हे बघायला नको?

संध्याकाळी रामघाटावर एक मराठी गुरुजी भेटले. शिंदेशाहीबरोबर आलेल्या घराण्यांपैकी. मराठी शुद्ध, पण मध्येच हिंदीचा हेल. मी नमस्कार केला तसे म्हणाले, "बसा ताई. सध्या आम्हाला निवांतपणा. गुरूचा अस्त आहे, लग्नं-मुंजी नाहीत." गुरूचा अस्त म्हणजे गुरू सूर्याच्या इतका जवळ गेलेला, की उजेडात तो दिसेनासा होतो. एक ग्रह दिसत नाही म्हणून हजारो मंगल कार्यालयं रिकामी राहतात. हे बरं की वाईट यावर वाद घालता येईल. पण ज्या समाजाने हा नियम केला त्याला गुरू रोज दिसत असला पाहिजे आणि तो दिसेनासा झाला की चुकल्यासारखं वाटत असलं पाहिजे, एवढं नक्की. आज नियम राहिला आणि बघणं गेलं. मी गुरुजींना विचारलं, शेवटचा गुरू कधी पाहिलात? ते थोडे थांबले. "आकाशातला? लहानपणी वडील दाखवायचे," म्हणाले.

मग ते मन मोकळं करून बोलले, आणि त्यांनी सांगितलेली एक गोष्ट मी जन्मभर विसरणार नाही. उज्जैनचे लोक पौर्णिमेला महिना संपवतात, आपण अमावास्येला. म्हणून वद्य पक्षात एकाच गल्लीतली दोन घरं दोन वेगवेगळ्या महिन्यांत राहतात. महाशिवरात्र आपल्या पंचांगात माघ वद्य चतुर्दशी, इथल्या पंचांगात फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. रात्र तीच, चंद्रकोर तीच. श्रावणातल्या सोमवारी महाकालाची पालखी नगरात निघते. इथला श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस सुरू होतो आणि आधी संपतो. पण पालखी तेव्हा थांबत नाही. इथल्यांचा भाद्रपद लागला तरी अमावास्येपर्यंतच्या सोमवारी ती निघत राहते, कारण तोवर मराठ्यांचा श्रावण चालू असतो. "शिंद्यांच्या वेळेपासून," गुरुजी म्हणाले, "देव दोघांचा श्रावण पाळतो." कुणाचा महिना खरा यावर इथे भांडण झालं नाही. दोन्ही महिने एकाच चंद्रावरून मोजलेले आहेत हे दोघांना ठाऊक होतं.

कुंभाचंही असंच, तोही आकाशावरूनच ठरतो. गुरू सिंह राशीत आला की सिंहस्थ, नाशिक-त्र्यंबकला आणि उज्जैनला. इथला मागचा २०१६ साली झाला, पुढचा २०२८ला. आपण सहज म्हणतो बारा वर्षांनी. गुरूला सूर्याभोवती फिरायला बारा नव्हे, ११.८६ वर्षं लागतात. हा थोडा थोडा फरक साठत जातो आणि सात-आठ फेऱ्यांनी कुंभ अकराव्याच वर्षी येतो. २०१०नंतरचा हरिद्वारचा कुंभ २०२२ऐवजी २०२१मध्ये झाला तो याच हिशेबाने. साथीच्या दिवसांतही तारीख पुढे ढकलली गेली नाही, कारण ती माणसाने ठरवलेली नव्हती. त्या निर्णयाबद्दल माझं मत वेगळं आहे, गर्दी टाळायलाच हवी होती. पण एवढा जनसमुदाय एका ग्रहाच्या चालीवर आपली पावलं टाकतो, असं उदाहरण जगात विरळ.

मंगळनाथाला मी दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी जाणार होते, पण मावशींचा फोन आला, "आत्ताच या, आरतीला." टेकाडावरचं मंदिर, खाली शिप्रेचं वळण. मंगळाचा जन्म इथे झाला अशी श्रद्धा आहे, आणि मंगळ इथे शिवलिंगाच्या रूपात. त्या लिंगावर भाताचा लेप देऊन पूजा करतात. मंगळ तापट, भात थंड. मावशींची पूजा दुपारीच झाली होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर मोकळेपणा होता. आरती आटोपून आम्ही पायऱ्यांवर आलो तेव्हा पश्चिमेचे ढग फाटले होते. मघा नक्षत्राच्या जवळ मंगळ होता, फिका, किंचित तांबूस. मी हात धरून दाखवला.

"हा? एवढासा?"

त्यांनी पदर सावरून बराच वेळ पाहिलं. ज्याने मुलाचं लग्न अडवलं त्याला त्या आयुष्यात पहिल्यांदा बघत होत्या. मी सांगितलं की साधारण सव्वीस महिन्यांनी तो पृथ्वीच्या जवळ येतो तेव्हा निखाऱ्यासारखा दिसतो, की २४ सप्टेंबर २०१४ला आपलं यान त्याच्याभोवती फिरायला लागलं, आणि ते यान पाठवणाऱ्यांत कितीतरी बाया होत्या, तुमच्या-माझ्यासारख्या. त्यांनी हात जोडले ते तसेच ठेवून विचारलं, "मग तो कुणाचं वाईट करत असेल का हो?" मी म्हटलं, नाही. हे उत्तर मी कुठल्याही आडपडद्याशिवाय दिलं आणि आजही देते. मंगळ सुंदर आहे, पूजा करावीशी वाटली तर जरूर करावी. पण एखाद्या मुलीला किंवा मुलाला त्याच्या नावाने नाकारणं हा मंगळाचाही अपमान आहे.

२१ जूनला सकाळी डोंगल्याला निघाले. उज्जैनच्या उत्तरेला महिदपूर तालुक्यातलं हे लहानसं गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना काळी जमीन, सोयाबीनच्या पेरणीची लगबग, ट्रॅक्टरमागे बगळे. ही जागा कर्कवृत्ताची म्हणून डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी हेरली, असं इथे आदराने सांगतात. वाकणकर नीमचचे, मराठी घरातले, भीमबेटकाची चित्रं असलेल्या गुहा १९५७मध्ये जगापुढे आणणारे. माळवा त्यांनी पायी तुडवला. आता इथे वराहमिहिराच्या नावाची वेधशाळा आहे, दुर्बीण आहे आणि मोकळ्या आवारात शंकू आहे.

बाराच्या आत आवार भरलं. आजूबाजूच्या शाळांची मुलं, शेतकरी, इंदूरहून आलेले हौशी लोक. कुणी बाटल्या उभ्या ठेवल्या, कुणी पीव्हीसीच्या पाइपाचा तुकडा. मी पिशवीतून स्टीलचा उभट पेला काढला. त्याच्या तळाशी सकाळपासून अंधार होता. बारा वाजता आतल्या भिंतीवर उन्हाची कोर उतरली, हळूहळू खाली सरकली, आणि बारा अठ्ठावीसला तळ पुरा उजळला, काठापासून काठापर्यंत. इजिप्तमध्ये आस्वानच्या विहिरीत असंच ऊन तळाला टेकतं हे ऐकून दोन हजार दोनशे वर्षांपूर्वी एराटोस्थेनिसने पृथ्वीचा परीघ काढला होता. आपल्या भास्कराचार्यांनीही उज्जैन-लंका अंतराला सोळाने गुणून तोच हिशेब मांडला. एका पेल्यात एवढं मावतं. भोवताली मुलं दोन्ही हात वर करून आपापल्या पायांखाली सावली शोधत होती. एक शेतकरी आजोबा टोपी काढून, डोळे मिटून, सूर्याकडे तोंड करून उभे होते. ते नमस्कार करत होते की ऊन घेत होते, मी विचारलं नाही.

"पूर्वी कर्कवृत्त उज्जैनमधून जायचं, आता सरकून इथे आलं," असं मला त्या दिवशी अनेकांनी सांगितलं. सरकतं हे खरं, पण दिशा उलटी आहे. पृथ्वीच्या आसाचा कल सध्या कमी होत आहे, त्यामुळे कर्कवृत्त दरवर्षी चौदा-पंधरा मीटर दक्षिणेला येतं. वराहमिहिराच्या काळी ते डोंगल्याच्याही उत्तरेला वीस-बावीस किलोमीटरवर होतं. जुन्या ग्रंथांनी सूर्याची परमक्रांती, म्हणजे विषुववृत्तापासून तो जास्तीत जास्त जितका दूर जातो ते अंतर, २४ अंश मानली आहे, म्हणजे त्यांच्याही लेखी ती आजच्यापेक्षा मोठीच होती. तेव्हा कर्कवृत्त उज्जैन सोडून गेलेलं नाही, उज्जैनकडे निघालेलं आहे. याच चालीने आलं तर सुमारे दोन हजार वर्षांनी ते महाकालाच्या शिखरावरून जाईल. हे मी तिथल्या एका तरुण शिक्षकांना सांगितलं तेव्हा ते खूश झाले. "म्हणजे आमचं म्हणणं खरंच होणार आहे," म्हणाले.

त्या दिवशी दक्षिणायन लागलं. सावलीने ते दाखवलं. आपल्या भिंतीवरच्या पंचांगात मात्र दक्षिणायनाची कर्कसंक्रांत १६ जुलैला असते आणि उत्तरायणाची मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला, खऱ्या उत्तरायणानंतर तीन आठवड्यांहून अधिक दिवसांनी. सूर्य जिथे विषुववृत्त ओलांडतो तो संपातबिंदू मागे सरकत असल्यामुळे हे अंतर दर बहात्तर वर्षांनी एका दिवसाने वाढतं. हे मिटवायचा प्रयत्न आपल्याकडे कमी झालेला नाही. केरूनाना छत्र्यांनी १८६५पासून वेधांशी जुळणारं पटवर्धनी पंचांग काढलं, शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६च्या 'भारतीय ज्योतिषशास्त्रा'त सगळा इतिहास उलगडला, टिळक पंचांग-सुधारणेसाठी झटले. शास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या समितीने सुचवलेलं राष्ट्रीय पंचांग २२ मार्च १९५७ला सुरू झालं, आणि त्याचं गणित करण्यासाठी जे मध्यवर्ती ठिकाण धरलं त्याचे अक्षांश आहेत २३ अंश ११ कला. ते उज्जैनचे अक्षांश आहेत. सरकारी पत्रांच्या डोक्यावर आजही या पंचांगाची तारीख छापली जाते आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

तिळगूळ कधी वाटायचा हे बदला असं माझं म्हणणं नाही. सण माणसांचे असतात, ते माणसांच्या सवयीने चालतात. माझी विनंती एवढीच आहे. पंचांग पाळता ना, मग ज्या आकाशावरून ते केलं त्याच्याकडे वर्षातून एकदा तरी बघा. त्यासाठी उज्जैनला जायला हवं असं नाही. कोल्हापूरला साधारण ६ मे, पुण्याला १३ मे, मुंबईला १५ मे आणि नागपूरला २६ मेच्या सुमाराला सूर्य ऐन डोक्यावर येतो. त्या दिवसांत गच्चीवर किंवा अंगणात एक सरळ काठी ओळंब्याने उभी करा, घरातल्या पोरांना हाताशी घ्या आणि बारा ते पाऊण सावलीच्या टोकावर खडूने खुणा करत बसा. तुमच्या गावाची मध्यान्ह किती वाजता होते ते वहीत लिहून ठेवा, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा पडताळून बघा.